पोटातली मधली वर्षं

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुणाच्या तरी स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत श्रोत्यांनी घरी न्यावं असं काहीतरी कामाचं सांगावं, असं मला वाटतं. म्हणून आज विषय पोटाचा घेतला आहे.

आपल्या भागात पित्ताची तक्रार नाही असं घर शोधून सापडायचं नाही. दवाखान्यात रोज कानावर पडणारं बोलणं असं असतं : ‘डॉक्टरसाहेब, पित्त लई खवळतंय. सकाळी आंबट पाणी येतंय, जेवलं की पोट फुगतंय.’ कधीपासून? ‘झाली की धा-बारा वर्सं.’ मग इतकी वर्षं काय केलं? ‘मेडिकलवरून गोळी आणतो. उपाशीपोटी घेतली की बरं वाटतंय. सोनोग्राफी बी केली, नॉर्मल आली.’

दहा-बारा वर्षं त्रास, दहा-बारा वर्षं गोळी आणि एक सोनोग्राफी. सोनोग्राफीत यकृत दिसतं, पित्ताशयातले खडे दिसतात, मूत्रपिंड दिसतं. जठराच्या आतल्या अस्तरात काय चाललं आहे, ते मात्र तिच्यात कळत नाही. त्यामुळे ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि ज्या अवयवाची तक्रार आहे तो पाहायचाच राहून जातो.

मी तुम्हाला घाबरवायला आलेलो नाही. अशा तक्रारी असलेल्यांपैकी बहुतेकांना गंभीर काहीही नसतं, हे आधीच सांगून टाकतो. पण थोड्या जणांच्या पोटात याच वर्षांत एक बदल सावकाश घडत असतो. जठरात एक जंतू लहानपणीच शिरलेला असतो. त्याच्यामुळे अस्तराला सूज येते, अस्तर झिजतं, त्याचं रूप पालटतं आणि क्वचित पुढे कर्करोग होतो. या प्रवासाला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. ही मधली वर्षं आपल्या हातातली आहेत. ती गोळीखाली झाकून घालवू नयेत, एवढंच मला आज सांगायचं आहे.

जंतू सापडला कसा

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीपर्यंत वैद्यकाच्या पुस्तकांत ठाम लिहिलेलं होतं की जठरात इतकं तीव्र आम्ल असतं की तिथे कोणताही जंतू टिकू शकत नाही. अल्सर होतो तो चिंतेने, जागरणाने, तिखट खाण्याने, असंच सगळे मानत. रुग्णाला दूधभातावर ठेवायचं, आम्ल कमी करणारी औषधं द्यायची आणि नाहीच भागलं तर जठराचा भाग कापून काढायचा, असे उपचार होते. अल्सर बरा व्हायचा आणि पुन्हा उलटायचा.

ऑस्ट्रेलियात पर्थ इथल्या रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना १९७९ साली सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या तुकड्यावर वळणदार जंतू दिसले. जिथे जंतू, तिथे सूज, हेही त्यांच्या लक्षात आलं. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी हे जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न चालवला, पण ते काही वाढेनात. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवसांत काही उगवलं नाही की ताटल्या टाकून देत. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली, ताटल्या उबवणीयंत्रात तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तर जंतू वाढलेले! या जंतूला वाढायला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढीच गोष्ट तोवर कुणाला ठाऊक नव्हती.

तरीही जाणकार मंडळींना पटेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून जठराची तपासणी, केली तेव्हा आधी निरोगी असलेलं त्यांचं अस्तर सुजलेलं आणि त्यात जंतू बसलेले आढळले. या जंतूला १९८९ पासून हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. बोलताना डॉक्टर ‘एच. पायलोरी’ म्हणतात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांच्या यादीत घातलं. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

तो राहतो कसा, येतो कुठून

जठरातल्या आम्लात हा जंतू जगतो कसा? त्याच्याकडे युरिएज नावाचं एक विकर आहे. पोटातल्या युरियापासून तो त्या विकराच्या साहाय्याने अमोनिया तयार करतो. अमोनिया आम्लाला मारतो. जंतूभोवती इवलासा आम्लविरहित पट्टा तयार होतो आणि शेपटांच्या जोरावर तो जठराच्या बुळबुळीत थरात शिरून अस्तराला जाऊन चिकटतो. एकदा बस्तान बसलं की औषधाशिवाय तो सहसा जात नाही. जन्मभर राहतो.

माणसाबरोबर त्याचं नातं फार जुनं आहे. जगभरच्या जंतूंच्या जनुकांचा अभ्यास करून २००७ साली शास्त्रज्ञांनी मांडलं की सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी माणसं पूर्व आफ्रिकेतून बाहेर पडली तेव्हा हा जंतू त्यांच्या पोटात होताच. आल्प्स पर्वतातल्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातही तो मिळाला, आणि २०१६ साली त्याची जनुकं तपासली तेव्हा ती आज मध्य आणि दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणाशी जुळली.

तो शिरतो लहानपणी, बहुतेक वेळा घरातूनच. आईकडून, भावंडांकडून, उष्ट्यातून, उलटीतून, शौचाचा संसर्ग झालेल्या पाण्यातून. जिथे एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात, जिथे पाणी साठवून वापरावं लागतं, जिथे संडासानंतर हात धुवायला पुरेसं पाणी नसतं, तिथे तो पसरतो. भारतात प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो आहे. ज्या देशांत नळाचं स्वच्छ पाणी, सांडपाण्याची सोय आणि ऐसपैस घरं आली, तिथे पिढीगणिक तो कमी होत गेला. त्यासाठी कुणी वेगळी मोहीम काढली नव्हती.

मराठवाड्यात हे विसरून चालणार नाही. गोदाकाठच्या या पट्ट्यालाही टँकरची वाट पाहायला लावणारे उन्हाळे आपण पाहिले आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याची काय अवस्था होती, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. पाणी मोजून वापरावं लागतं तेव्हा पहिली काटछाट हात धुण्यावर होते. त्या उन्हाळ्यात चार वर्षांचं असलेलं पोर चाळिशीचं होईल तेव्हा त्या काटछाटीचा हिशेब त्याच्या पोटात निघू शकतो. म्हणून गावच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न आरोग्याच्या खात्यातही मांडला पाहिजे.

अस्तर बदलतं कसं

जंतू आहे म्हणजे कर्करोग होणारच, असं अजिबात नाही. ज्यांच्या पोटात तो आहे त्यांतल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना अल्सर होतो. अगदी थोड्यांना, म्हणजे शंभरांत एक ते तीन जणांना, जठराचा कर्करोग होतो.

तो कोणत्या वाटेने होतो, हे कोलंबियाचे विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरिआ यांनी १९७५ पासून मांडलं. पहिली पायरी दीर्घकाळची सूज. दुसरी पायरी झीज : आम्ल आणि पचनरस तयार करणाऱ्या ग्रंथी हळूहळू नाहीशा होतात, अस्तर पातळ होतं. रिपोर्टात याला ‘ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस’ लिहितात. तिसरी पायरी रूपांतर : जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं. रिपोर्टात ‘इंटेस्टिनल मेटाप्लेशिया’ असं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली जठरात कधीही नसाव्यात अशा, चिकट द्रवाने फुगलेल्या पेशी तिथे दिसतात. विशिष्ट रंग दिला की त्या निळ्याशार उठून येतात. चौथी पायरी ‘डिसप्लेशिया’, म्हणजे पेशींची ठेवणच बिघडणं. आणि मग कर्करोग. मीठ जास्त घातलेलं आणि खारवलेलं अन्न, तंबाखू, विडी आणि घराण्यातली प्रवृत्ती या गोष्टी माणसाला या पायऱ्यांवरून पुढे ढकलतात.

आता आकडे सांगतो, कारण ‘मेटाप्लेशिया’ हा शब्द रिपोर्टात वाचून माणसं जेवण टाकतात. नेदरलँड्समध्ये देशभरच्या नोंदींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर पाच वर्षांच्या आत कर्करोग होण्याचं वार्षिक प्रमाण झीज असलेल्यांत हजारी एक, रूपांतर असलेल्यांत हजारी अडीच, सौम्य ते मध्यम डिसप्लेशिया असलेल्यांत हजारी सहा आणि तीव्र डिसप्लेशिया असलेल्यांत शेकडा सहा निघालं. म्हणजे मेटाप्लेशिया असलेल्या हजार माणसांतली ९९७ माणसं त्या वर्षी कर्करोगाशिवाय घरी असतात. रात्रीची झोप उडावी असा हा आकडा नाही, पण कागद कपाटात टाकून विसरावा असाही नाही.

आणि जंतूशिवाय हे क्वचितच घडतं. जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षं लक्ष ठेवलं. २००१ साली निष्कर्ष आले. जंतू असलेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही.

दुर्बिणीतून काय दिसतं

जठरात डोकावण्याची धडपड जुनी आहे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या कलावंताच्या घशातून सरळ नळी घालून पाहिली. लवचिक दुर्बीण शक्य झाली ती काचेच्या बारीक तंतूंमुळे. १९५४ साली हॅरोल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेऊन दाखवलं. त्यावरून अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली पहिली लवचिक दुर्बीण बनवली आणि ती आधी स्वतःच्या घशाखाली घातली.

आज तुमची तपासणी होते तेव्हा काय होतं, ते सांगतो, कारण भीतीपोटी किती तरी जण दारातून परत जातात. रात्रभर उपाशी राहायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, घसा जाडजाड लागतो. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लॅस्टिकचं कडं देतात. करंगळीएवढी जाड नळी जिभेवरून घशात जाते. त्या क्षणी उमासे येतात. पुढे मात्र नाकाने सावकाश श्वास घेत राहिलं की निभतं. पाच ते दहा मिनिटांत काम होतं. कापाकापी नाही, टाका नाही.

पडद्यावर निरोगी जठराचं अस्तर गुलाबी, ओलसर, घड्याघड्यांचं दिसतं. झीज झालेली असेल तर घड्या सपाट झालेल्या असतात आणि आतल्या रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते. रूपांतर झालेलं असेल तर करडट-पांढरे, किंचित उंचावलेले चट्टे दिसतात. ते घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतात. म्हणून जठर पाण्याने धुऊन, हवेने फुगवून, कोपरा न् कोपरा पाहावा लागतो.

नुसतं पाहून भागत नाही, तुकडे घ्यावे लागतात. बायोप्सी म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडे, आणि ते काढताना दुखत नाही. ठरलेल्या पद्धतीनुसार पाच जागांवरून घेतात : जठराच्या खालच्या भागातून दोन, मधल्या वळणावरून एक आणि वरच्या भागातून दोन. बदल किती पसरला आहे, हे त्यावरूनच कळतं. आणखी एक तुकडा पिवळ्या रंगाच्या छोट्या खाचेत टाकतात. जंतू असेल तर त्याच्या अमोनियामुळे पिवळा रंग पाहता पाहता गुलाबी होतो. नातेवाइकांना तो रंग बदलताना दाखवावा, असं मी नेहमी म्हणतो, कारण डोळ्यांनी पाहिलेलं पटतं.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तिला आधार नाही. उलट तुकडा न काढल्यामुळे आजार वर्षानुवर्षं कळलाच नाही, अशी उदाहरणं आमच्या प्रत्येक दवाखान्यात आहेत.

सगळ्यांचीच तपासणी करावी का?

जपान आणि दक्षिण कोरिया या देशांत जठराचा कर्करोग फार. जपानने १९८३ पासून देशभर बेरियमच्या एक्स-रेने तपासणी चालवली आणि २०१६ पासून पन्नाशीपुढच्यांना दर दोन वर्षांनी एंडोस्कोपीचा पर्याय दिला. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणी होते. तिथे आजार लवकर सापडतो, आणि लवकर सापडलेला कर्करोग दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो. अशा रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक पाच वर्षांनीही हयात असतात. तैवानजवळच्या मात्सू बेटांवर २००४ पासून तिशीपुढच्या सगळ्या रहिवाशांमधला जंतूच काढायची मोहीम घेतली. जंतूचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं आणि कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून खाली गेलं.

मग आपणही आष्टीत सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी करावी का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याचं कारण कपाशी घेणाऱ्या शेतकऱ्याला लगेच पटेल. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. म्हणून आपण कामगंध सापळे लावतो आणि सलग तीन दिवस सापळ्यात आठ पतंग सापडले की मग फवारतो. पतंगच नाहीत त्या शेतात फवारलं तर पैसा जातो आणि औषधाचा गुणही जातो. तपासणीचं गणित तसंच आहे. आजार किती आढळतो, त्यावर सरसकट तपासणी ठरते.

भारतात जंतू भरपूर, पण जठराचा कर्करोग जपानच्या मानाने अनेक पटींनी कमी. शास्त्रज्ञ याला भारताचं कोडं म्हणतात. जंतूचा वाण, आपली जनुकं, आपला आहार, अशी कारणं सुचवली जातात. कोडं पुरतं सुटलेलं नाही. देशातही सगळीकडे सारखं नाही. मिझोराममध्ये हा कर्करोग देशात सर्वांत जास्त आहे; तिथे धुरावलेलं आणि खारवलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूच्या धुराचं पाणी यांचा संबंध अभ्यासांत दिसला. महाराष्ट्रात प्रमाण कमी आहे. पण आपला देश मोठा असल्यामुळे कमी प्रमाणातूनही मोठा आकडा उभा राहतो. २०२० च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ६०,००० लोकांना हा कर्करोग होतो आणि ५०,००० हून अधिक मरतात. हे दोन आकडे इतके जवळजवळ का आहेत? कारण आपल्याकडे माणूस येतो तेव्हा अन्न उतरेनासं झालेलं असतं, वजन निम्म्यावर आलेलं असतं. मधली सगळी वर्षं गेलेली असतात.

तेव्हा सरसकट तपासणी नको, पण नेमक्या माणसांची तपासणी हवीच.

उस्मानाबादचा धडा

‘खेड्यात हे कोण करणार?’ असं कुणी म्हणेल. त्याला मी आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण देईन.

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयांच्या कागदांवरून काम भागतं. इथे नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणलं. त्या कामाच्या पायावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ५२ गटांतल्या गावांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो आणि तिथेही कर्करोगाआधी पेशी बदलण्याची लांबलचक वर्षं असतात. २००९ साली निष्कर्ष आले : ज्या गटात आयुष्यात एकदा विषाणूची चाचणी करून आढळलेले बदल वेळीच काढून टाकले, त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

हा निष्कर्ष जगभरच्या धोरणांना उपयोगी पडला, आणि तो दिला कुणी? शेतावर जाणाऱ्या, लुगडं-नऊवारी नेसणाऱ्या, तपासणीला लाजणाऱ्या आपल्याच आया-बहिणींनी. त्या तयार झाल्या, कारण कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन त्यांच्या भाषेत समजावलं. संसर्ग, मधली वर्षं, बदललेल्या पेशी, वेळेवर उपचार : हीच साखळी जठरालाही लागू आहे. फरक इतकाच की गर्भाशयमुखासाठी प्रत्येक स्त्रीची तपासणी योग्य ठरते, तर जठरासाठी माणसं निवडावी लागतात.

आपण काय करायचं

ती माणसं कोण, ते आता नीट ऐका.

गिळायला त्रास, वारंवार उलट्या, उलटीत रक्त, काळी चिकट शौच, कारण नसताना घटणारं वजन, सतत कमी भरणारं हिमोग्लोबिन, यांपैकी काहीही असेल तर वय न पाहता लगेच एंडोस्कोपी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. ते डॉक्टर विचारून घेतील. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पोटाचा त्रास नव्याने सुरू झाला किंवा जुन्या त्रासाचं रूप बदललं, तर एंडोस्कोपी. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसला तरी जंतूची चाचणी. कोरियात अशा जवळच्या नातेवाइकांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. जंतूवर उपचार घेतलेल्यांत १.२ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांत २.७ टक्क्यांना पुढे कर्करोग झाला.

चाचणीआधी दोन आठवडे पित्ताची गोळी आणि चार आठवडे प्रतिजैविकं बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणते. हे डॉक्टरांना विचारून करा, कारण काहींना गोळी थांबवणं धोक्याचं असतं. गोळी चालू असताना केलेली चाचणी फसवते आणि गोळी कर्करोगाची लक्षणंही काही काळ दाबून टाकते.

जंतू सापडला तर उपचार पूर्ण घ्या. साधारण चौदा दिवस तीन-चार औषधं रोज घ्यायची असतात. तोंडाला कडू चव येते, मळमळतं, बिस्मथ असेल तर जीभ आणि शौच काळी होते. पाचव्या दिवशी पोट बरं वाटतं आणि माणूस गोळ्या सोडतो. तिथेच घात होतो. भारतात अनेक शहरांतले जंतू तपासून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन-चतुर्थांशाहून जास्त जंतूंवर मेट्रोनिडॅझोल चालत नव्हतं आणि सुमारे ४५ टक्क्यांवर क्लॅरिथ्रोमायसिन. जुलाब, दाढ, ताप, कशालाही आपण प्रतिजैविकं अर्धवट घेतली, त्याचं हे फळ आहे. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू खरंच गेला का, याची चाचणी श्वासातून किंवा शौचातून करून घ्या. ही शेवटची चाचणी आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही, आणि ती झाल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असं म्हणताच येत नाही.

रिपोर्टात मेटाप्लेशिया आला तर जंतू काढायचाच. झीज काही अंशी भरून येते; रूपांतर बहुधा मागे फिरत नाही, पण पुढे सरकणं मंदावतं. बदल जठरभर पसरलेला असेल तर दर तीन वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी, घराण्यात हा कर्करोग असेल तर त्याहून लवकर. तो कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. तीन वर्षांनी तो आणला नाही तर अस्तर आणखी बदललं आहे की नाही, हे डॉक्टर सांगूच शकत नाहीत.

तंबाखू आणि विडी सोडा. कंबरदुखीसाठी महिनोन्महिने मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद करा. त्यांनीही अल्सर होतो. मिरचीचा ठेचा मात्र या गुन्ह्यात निर्दोष आहे. त्याने जळजळ होईल, अल्सर होत नाही.

औषध दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे. महिन्यानंतरही पित्ताची गोळी मागायला तोच माणूस आला तर त्याला गोळी देण्याआधी तपासणीचं नाव सांगा. तुमच्या एका वाक्याने आमच्या दहा शिबिरांचं काम होईल. आशाताईंनाही विनंती आहे : वजन घटलेल्या, अशक्त दिसणाऱ्या माणसाला ‘जेवण उतरतं का, शौच काळी होते का’ हे दोन प्रश्न विचारा.

आणि सरकारकडे मागणी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाचे उपचार होतात, ही मोठी गोष्ट आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, तीही योग्यच. पण कर्करोग झाल्यावर योजना आणि होण्याआधी खिशातून खर्च, असं होऊ नये. इथल्या माणसाला दुर्बिणीच्या तपासणीसाठी परतूर, मग जालना, नाहीतर थेट संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठावं लागतं. मजुरी बुडते, बरोबरच्या माणसाची मजुरी बुडते, तुकड्याच्या रिपोर्टासाठी पुन्हा खेप. उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर ठरलेल्या वारी एंडोस्कोपी, तुकडा जिल्ह्याला पाठवायची सोय आणि रिपोर्ट परत गावच्या आरोग्य केंद्रात येण्याची व्यवस्था, एवढं झालं तरी किती तरी लोकांची मधली वर्षं वाचतील. ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. त्याच ठरावात शाळा आणि अंगणवाडीत हात धुण्यासाठी बाराही महिने पाणी, ही ओळ घाला, कारण पुढच्या पिढीच्या पोटात हा जंतू जाऊच नये, हा सगळ्यांत स्वस्त उपचार आहे.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावं. घरात रोज पित्ताची गोळी घेणारं कोण आहे आणि किती वर्षांपासून, ते विचारा. उत्तर वर्षांत आलं, तर त्या माणसाला या महिन्यात डॉक्टरकडे घेऊन जा. त्या गोळीमागे काय आहे, ते एकदा पाहून घ्या. बहुतेकांचा रिपोर्ट चांगला येईल आणि मनावरचं ओझं उतरेल. ज्याचा येणार नाही, त्याच्यासाठी अजून वेळ हातात असेल.